भोंग्यामागचं १९६९

लग्न, जत्रा, सप्ताह, निवडणूक, कुस्त्यांचा फड. मुळशी तालुक्यात जिथं म्हणून चार माणसांच्या पुढं आवाज न्यायचा असेल, तिथं मी भोंगा बांधत आलो. पौडला दुकान होतं, म्हणजे अजून आहे, पण आता मुलगा बघतो. त्यानं भोंगे माळ्यावर टाकले आणि डॉल्बी आणली. धंद्याला लागायच्या आधी पुण्यात कँपातल्या एका बावाजींकडं रेडिओ आणि ग्रामोफोन दुरुस्तीची उमेदवारी केली. साठचं दशक सरत आलं होतं. कँपातली पोरं-पोरी बिघडलेले प्लेअर घेऊन यायची, सोबत तपासायला म्हणून एखादी तबकडी ठेवून जायची. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, द हू ही मंडळी मला अशी भेटली. गिऱ्हाईक चहाला गेलेलं, यंत्राचं पोट उघडं, हातात सोल्डरिंगची कांडी.

आता धरणाच्या काठच्या वाडीत घर आहे. रविवारी संध्याकाळी ओट्यावर जुन्या तबकड्या लावतो. हिंजवडीची कॉम्प्युटरवाली पोरं येतात, आमच्या भजनी मंडळाचे बुवा येतात, कधी वाट चुकलेले पर्यटकही टेकतात. पोरं विचारतात, "काका, तुम्ही तो काळ बघितलाय, कसा होता?" त्यांना दर वेळी तुटक-तुटक सांगतो. म्हटलं, एकदा कागदावर उतरवून ठेवावं.

१. तार कुठून आली ते आधी बघावं

रॉक हे विजेवरचं संगीत. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतल्या अनेकांनी त्याची हुर्यो उडवली. साधी लाकडी गिटार हे त्यांच्या लेखी खरेपणाचं लक्षण होतं. हा किस्सा पोरांना फार आवडतो. तो संपला की मी त्यांना समोरचं पाणी दाखवतो.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या धरणाच्या कामावर मावळातले शेतकरी जाऊन बसले. पुढं सेनापती बापट. त्यांना सेनापती म्हणायला लागले तेही याच लढ्यात. 'जान किंवा जमीन' ही घोषणा. लढा १९२४ पर्यंत चालला, मग मोडला, आणि खोऱ्यात पाणी चढलं. ते पाणी बोगद्यानं सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरतं. तिथं १९२७ पासून वीज तयार होते आणि मुंबईला जाते. तिच्यावर गिरण्या चालल्या, लोकल धावल्या. आणि साठच्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या हॉलांतून जी पोरं केस वाढवून गिटारी वाजवत होती, त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरात आमच्या आज्याच्या भातखाचराचा थोडा वाटा होता.

त्याच वेळी आमच्या वाडीत कंदील होते. माझा पहिला अ‍ॅम्प्लिफायर ट्रकच्या बॅटरीवर चालायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी ती बॅटरी एसटीच्या टपावर टाकून चार्जिंगला न्यायची, आणताना मांडीवर धरून आणायची, कारण टपावर कलंडली की अ‍ॅसिड सांडून खालच्या उतारूंच्या कपड्यांना भोकं. मंगलाष्टकं संपेपर्यंत ती टिकवायची तर आधी गाणी कमी लावावी लागत. मुलाकडच्यांना ते पटत नसे.

न्यूपोर्टच्या त्या लोकांना वीज नको होती. आम्हाला हवी होती. जमीन आमची बुडाली होती आणि तारा आमच्या डोक्यावरून पुढं गेल्या होत्या. त्यामुळं कुणी मला विजेच्या गिटारीतलं बंड समजावून सांगायला लागलं की माझं लक्ष आपोआप खांबाकडं जातं.

२. भोंगेवाल्याला विचारल्याशिवाय इतिहास लिहू नये

१५ ऑगस्ट १९६५, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम. बीटल्सना ऐकायला पंचावन्न हजार माणूस. एवढ्या गर्दीला त्यांच्याजवळ काय होतं? शंभर-शंभर वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर, आणि गाण्यासाठी स्टेडियमचे कर्णे, ज्यांतून एरवी बेसबॉलच्या घोषणा होत. पोरींच्या किंकाळ्यांत त्या चौघांना आपण काय वाजवतोय हेच ऐकू येईना. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ ला, सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी शेवटचा जाहीर कार्यक्रम केला, दौरे बंद केले आणि स्टुडिओत जाऊन बसले. कारणं बरीच होती. पण माझ्या धंद्यातल्या माणसाला पहिलं कारण कळतं. स्वतःचा आवाज ऐकू न येणारा गवई किती दिवस गाईल? मग स्टुडिओत बसून त्यांनी १९६७ साली 'सार्जंट पेपर' काढली, जी मंचावर वाजवताच आली नसती. भोंगे चांगले असते तर पुढचं संगीत वेगळं झालं असतं, असं मी म्हणतो. पोरं हसतात.

१९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात आवाजाची जबाबदारी बिल हॅन्ली नावाच्या माणसावर होती. डोंगरउतारावर चार लाखांवर माणसं, आणि त्यानं उंच मनोऱ्यांवर स्पीकर चढवून शेवटच्या रांगेपर्यंत गाणं पोचवलं. गायकांची नावं सगळ्यांना पाठ असतात. माझ्या देव्हाऱ्यात फोटो लावायचा झाला तर मी हॅन्लीचा लावीन.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर जॉर्ज हॅरिसन. जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत 'वंडरवॉल' या सिनेमाचं संगीत ध्वनिमुद्रित करत होता. सरोदला आशिष खान, संतूरला शिवकुमार शर्मा, बासरीला हरिप्रसाद चौरसिया. पण स्टिरिओत ध्वनिमुद्रण करणारं यंत्र तिथं नव्हतं. ग्रामोफोन कंपनीच्या भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून रेल्वेनं आणवलं. स्टुडिओला आवाजबंदी नीट नव्हती, रस्त्यावरची रहदारी आत यायची. त्याच मुक्कामात झालेल्या एका सुरावटीवर पुढं लंडनमध्ये हॅरिसननं गायलं आणि मार्चमध्ये ते 'द इनर लाइट' म्हणून बीटल्सच्या तबकडीच्या मागच्या बाजूला आलं. मुंबईत मुद्रण, यंत्र कलकत्त्याचं, गळा लिव्हरपूलचा. बॅटरी मांडीवर घेऊन एसटीत बसणाऱ्या माणसाला हे वाचून बरं वाटलं.

३. तारखा शेजारीशेजारी मांडून बघाव्यात

१८ जुलै १९६९ : अण्णा भाऊ साठे गेले.
१५ ते १८ ऑगस्ट १९६९ : वुडस्टॉक.
२९ ऑगस्ट १९६९ : शाहीर अमर शेख गेले, इंदापूरजवळ मोटार अपघातात.

दीड महिन्यात हे सगळं. हिंजवडीच्या पोरांना मधली तारीख पाठ असते, अलीकडची-पलीकडची नसते. दोष त्यांचा नाही. वुडस्टॉकवर पुढच्याच वर्षी सिनेमा निघाला, तो जगभर फिरला. शाहिरांवर कोण एवढा फिल्मचा रोल खर्च करणार?

अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. अण्णा भाऊ वाटेगावचे, शाळेत न टिकलेले, मुंबईत घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून 'फकिरा' लिहिणारे. १९४४ साली या दोघांनी आणि द. ना. गवाणकरांनी लाल बावटा कलापथक उभारलं. गिरणीची पाळी सुटली की चाळीच्या चौकात डफ वाजायचा. मालक, सावकार, सरकार, कुणाची भीड नाही. सरकारनं कार्यक्रमांवर बंदी घातली, तरी हे गात राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर अमर शेखांच्या गळ्यानं मैदानं भरली. आमच्या धंद्यातले जुने लोक सांगायचे, त्यांच्यासमोर माइक हातभर लांब ठेवावा लागे, नाहीतर भोंग्याचं युनिट उडायची भीती. एरवी वक्त्याला आम्हीच ओरडून सांगतो, "जवळ या, माइकमधी बोला."

पाश्चात्त्य पोरांचं बंड घरात भरलेल्या कोठारातून उठलं होतं. टीव्ही, मोटार, कॉलेज सगळं मिळालं आणि मग त्याचा वीट आला. व्हिएतनामच्या युद्धाला जायचा हुकूम आला, तेव्हा त्या विटाला धार चढली. मी त्याला खोटं म्हणत नाही. पण आपल्याकडचं बंड रिकाम्या डब्यातून उठलं, त्यांच्याआधी वीसेक वर्षं उठलं, आणि ते ज्या वर्षी विझत होतं त्याच वर्षी आम्हाला तिकडची रोषणाई दिसली. ठिणगी मात्र शिल्लक होती. २९ मे १९७२ ला दलित पँथर स्थापन झाली. नामदेव ढसाळ आमच्याच जिल्ह्यातले, खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचे. त्याच साली 'गोलपिठा' आला. त्यांना गिटार लागली नाही.

४. सगळ्यात मोठ्या आवाजाचा गुरू मौनात असू शकतो

हे मला सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून जरा सविस्तर.

द हू हा लंडनचा चौघांचा संच. १९७६ सालच्या त्यांच्या एका कार्यक्रमाची 'सर्वांत मोठ्या आवाजाचा' म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. गिटार पीट टाउनशेंडची, गाणीही बहुतेक त्याचीच. कार्यक्रमाच्या शेवटी हा गिटार मंचावर आपटून मोडायचा. तर हा माणूस साठच्या दशकाच्या शेवटी कुणाचा भक्त झाला? मेहेरबाबांचा.

मेहेरबाबा पुण्याचे. जन्म २५ फेब्रुवारी १८९४, मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. शाळा कँपात सेंट व्हिन्सेंट, पुढं डेक्कन कॉलेज. कँपात चार बावडीला एका कडुनिंबाखाली हजरत बाबाजान बसायच्या. १९१३ साली सायकलवरून जाणाऱ्या मेरवानला त्यांनी जवळ बोलावलं आणि तिथून त्याचं आयुष्य बदललं. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरलं ते कायमचं. आधी अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून बोलत, १९५४ नंतर तीही सोडली, नुसत्या हातांच्या खुणा. ३१ जानेवारी १९६९ ला नगरजवळ मेहेराझादला देह ठेवला. समाधी अरणगावच्या मेहेराबादला.

त्याच वर्षी मे महिन्यात द हूची 'टॉमी' ही दोन तबकड्यांची अखंड कथा आली. कथानायक दिसत नसलेला, ऐकू येत नसलेला, बोलू न शकणारा मुलगा. श्रेयनामावलीत निर्माता कोण, चित्रं कुणाची हे सगळं आहे आणि खाली 'अवतार : मेहेरबाबा' असंही आहे. कँपात आमच्या टेबलावर ती उघडली तेव्हा बावाजींनी चष्मा वर सरकवून वाचलं आणि म्हणाले, "अरे, हा तर आपला मेरवान!" दुकानापासून बाबाजानांचा दर्गा चालत जाण्याइतका जवळ. सदाशिव-नारायण पेठेत मात्र मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या कुणालाही यात विशेष काही वाटलं नाही.

आणखी एक गाठ यात आहे. एलएसडी घेतली की देव भेटतो, अशी तेव्हा पश्चिमेत हवा होती. मेहेरबाबांनी ते साफ नाकारलं. १९६६ मध्ये 'गॉड इन अ पिल?' नावाची पुस्तिकाच निघाली. या गोळ्या शरीराला, मनाला आणि साधनेलाही घातक आहेत असं त्यांचं म्हणणं. टाउनशेंडनं ते ऐकलं आणि तसल्या नशेपासून दूर झाला. म्हणजे पोरं व्यसनाला लागतील म्हणून आई-बाप ज्या संगीताला शिव्या घालत होते, त्यातल्या एका म्होरक्याला तसल्या गोळ्यांपासून लांब ठेवलं ते पुण्याच्या एका मौनी इराण्यानं. १९७१ साली टाउनशेंडनं एका गाण्याच्या नावातच त्यांना गुंफलं, 'बाबा ओ'रायली'. ओ'रायली हे टेरी रायली या संगीतकारावरून, बाबा हे आपले बाबा. ओट्यावर हे गाणं लागलं की मी काहीच सांगत नाही, सुरुवातीची ती गोल गोल फिरणारी सुरावट बुवांना ऐकू देतो. बुवा म्हणाले, "याला चक्री भजन येतंय."

५. वाद्याला पाय लागू देऊ नये, आणि पावसात तर त्याला जपावं

१८ जून १९६७, कॅलिफोर्नियात माँटेरीचा महोत्सव. दुपारी रविशंकरांची सतार. रात्री द हूनं गिटार फोडली, जिमी हेंड्रिक्सनं तर गिटार पेटवून दिली. रविशंकरांना ते फार लागलं, वाद्याचा असा अपमान आपल्याला सोसत नाही हे त्यांनी पुढंही अनेकदा सांगितलं. आमच्याकडं खंडेनवमीला अ‍ॅम्प्लिफायरला हळद-कुंकू लागतं, भोंग्याला झेंडूची माळ पडते. हेंड्रिक्स थोर वाजवायचा, यात वाद नाही. पण ते जळतं लाकूड बघून माझ्या पोटात कालवतं, आणि त्याचं मला कुणी तत्त्वज्ञान सांगू नये.

वुडस्टॉकची पहिली रात्र १५ ऑगस्टची. पाऊस पडत होता. सतारीवर रविशंकर, तबल्यावर अल्लारखाँ, तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. कुलकर्णी आडनाव वुडस्टॉकच्या मंचावर होतं, हे सांगितलं की ओट्यावर हमखास एक क्षण शांतता होते. चिखलात लोळणारी ती पोरं पाहून आपल्याला डबक्यात बसलेल्या म्हशी आठवल्या, असं रविशंकर म्हणाले होते. आमच्या ताम्हिणीकडच्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मला मात्र काळजी वाटते ती अल्लारखाँच्या तबल्याची. ओल्या हवेत कातडं सैल पडतं, सूर खाली येतो, हातोडीनं कितीही चढवा, पुन्हा उतरतो. श्रावणातल्या सप्ताहात आमचे पखवाजी शेगडी शेजारी ठेवतात. उजवी पुडी तिच्यावर लांबूनच फिरवून शेकायची, डाव्या पुडीवरची कणीक पुन्हा मळून लावायची, तोवर बुवा अभंगाची प्रस्तावना लांबवतात. वुडस्टॉकला शेगडी कुणी दिली असेल?

तबकड्यांचंही तेच. मुळशीच्या पावसात त्यांच्यावर बुरशी चढते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, आतला दमट वारा आतच राहतो. आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. साबणाच्या अगदी पातळ पाण्यानं, मधला कागद वाचवून, रेघांच्या दिशेनं पुसाव्यात. रॉकेल लावायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावावं.

६. खर्च कोणाचा, ते पाकिटावर छापलेलं असतं

तेव्हा आपल्या देशात गिटारवाल्या पोरांची सगळ्यात मोठी स्पर्धा होती 'सिमला बीट'. सिमला ही सिगारेट. मुंबईच्या षण्मुखानंद हॉलमध्ये देशभरातले संच यायचे. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या एलपी निघाल्या. आज परदेशातले शौकीन त्यांच्यासाठी खिसा रिकामा करतात. कलकत्त्याचं 'जेएस' हे साप्ताहिक त्या पोरांची फॅशन आणि गाणी गावोगाव पोचवायचं, अर्थात इंग्रजी वाचणाऱ्या गावांत.

प्रस्थापिताविरुद्धचं गाणं, आणि मंचामागं सिगारेटचं पाकीट. मला यात हसू येत नाही. आमच्या जत्रेतही बिडीच्या जाहिरातीची गाडी यायची, नाच्या नाचायचा, लोक फुकट बघायचे, बिड्या झेलायचे. सिगारेट कंपनीनं पैसे टाकले म्हणून त्या पोरांचं वाजवणं ऐकायला तरी उरलं. अमर शेखांच्या मागं कुठली कंपनी उभी राहणार होती?

७. गाणं कुणाच्या अंगणात काय होईल, सांगता येत नाही

देव आनंदचा 'हरे रामा हरे कृष्णा' १९७१ चा. सिनेमा हिप्पींच्या नादाला लागू नका हे सांगायला काढलेला. लोकांनी उपदेश थिएटरात सोडला आणि 'दम मारो दम' घरी नेलं. राहुलदेव बर्मनचं संगीत आणि आवाज आशाबाईंचा, सांगली जिल्ह्यातल्या गोरच्या आशा मंगेशकरांचा, म्हणजे आशा भोसल्यांचा. हिप्पींना भारतात आवाज मिळाला तो मराठी मुलीचा.

एका वर्षी आमच्याकडच्या एका जत्रेत पोरांच्या आग्रहावरून ती तबकडी लावली. भोंगा आंब्यावर उंच बांधलेला, तोंड देवळाकडं. पारावरचे कारभारी खवळले. गांजाचं गाणं देवाच्या दारात? बंद कर म्हणून एकानं काठी उगारली. तेवढ्यात धृपदातलं देवाचं नाव आलं, आणि दंडवताला आलेल्या म्हाताऱ्या बायांनी जागच्या जागी हात जोडले. एकीनं तर पदर सावरून माथा टेकला. कारभाऱ्यांची पंचाईत झाली. बंद करावं तर नामस्मरण बंद केल्यासारखं, चालू ठेवावं तर दम मारायचा. काठी खाली आली. गाणं पुरं वाजलं. पोरांनी पुन्हा लावायला सांगितलं, तेव्हा बॅटरी उतरली म्हणून मी हात झटकले.

८. एकाच माणसात दोन्ही नद्या वाहिल्या, पण तबकडी निघाली नाही

अरुण कोलटकर कवी म्हणून सगळ्यांना माहीत. 'जेजुरी' इंग्रजीत १९७६ मध्ये आली. मला त्यांची ओळख कवितेतून झाली नाही, पखवाजातून झाली. आमचे एक पखवाजी म्हणाले, अर्जुन शेजवळांकडं एक जाहिरातवाला, मिश्यांचा, शिकायला यायचा. तो कोलटकर निघाला. मग शोधत गेलो.

मूळ कोल्हापूरचे, पोटापाण्याला मुंबईत जाहिरात कंपन्यांत चित्रकार. अशोक शहाणे, दिलीप चित्रे, भालचंद्र नेमाडे यांच्यासोबत लघुनियतकालिकांच्या गोतावळ्यात. 'शब्द' हे अनियतकालिक १९५४ च्या सुमाराचं, म्हणजे अमेरिकेतल्या हिप्पींच्या कितीतरी आधीचं. १९६२ मध्ये अ‍ॅलन गिन्सबर्ग मुंबईत आला तेव्हा तो याच मंडळींत वावरला. कोलटकर एकीकडं अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे ब्लूज ऐकत होते, दुसरीकडं बळवंतबुवा नावाच्या भजन गाणाऱ्याच्या संगतीत रात्री घालवत होते, तुकोबांना इंग्रजीत आणत होते. त्यांना स्वतःला गीतकार-गायक व्हायचं होतं. इंग्रजी गाणी लिहिली, १९७३ च्या सुमाराला काही ध्वनिमुद्रितही केली. तबकडी काही निघाली नाही. गाण्यांचे शब्द मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये, पुस्तकात छापून आले.

मला यात हळहळ वाटते ती वेगळ्या कारणासाठी. बाकीची पोरं तिकडचं ऐकून तिकडच्यासारखं वाजवत होती. तिकडचे लोक इकडं येऊन शांती शोधत होते. इकडच्या माजघरातलं भजन आणि तिकडच्या शेतमजुराचं ब्लूज यांची जात एकच, दोन्ही राबणाऱ्या माणसानं रात्री स्वतःसाठी गायलेली गाणी, हे ज्याला हातानं वाजवून कळलं होतं त्याच्यासाठी कुणी भोंगा बांधला नाही. सिगारेटवाल्यानंही नाही.

९. पुण्यानं उशिरा केलं, पण केलं

नंदू भेंडे आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा. मुंबईच्या रॉक संचांत गायचा. १९७४ च्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये तो ज्यूडास झाला. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं 'तीन पैशाचा तमाशा' काढलं. मूळ ब्रेख्तचं, मराठीत पु. लं.नी आणलेलं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. त्यात भेंडे अंक्या झाला. संगीतातही त्याचा हात, सोबत भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक. चंदावरकर सतार शिकले ती रविशंकरांकडं, म्हणजे नात्यानं हॅरिसनचे गुरुबंधू, आणि शिकवत होते फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. रॉकचा गळा, सतारीचा हात आणि तमाशाची चाल एका तिकिटात ऐकली. मी मागच्या रांगेत, स्पीकरच्या रेषेत जागा धरली होती. माझ्या शेजारचे गृहस्थ मध्यंतरात म्हणाले, "गोंगाट आहे, पण सुरात आहे."

१०. मुलाशी वाद घालताना बेताबेतानं

रात्री दहानंतर भोंगा बंद, हा नियम २००० सालचा. माझ्या उमेदीत भोंगा पहाटेच्या काकड्यापासून मध्यरात्रीपर्यंत वाजायचा. आता डॉल्बीच्या भिंती आल्या, छातीत धडधडतं, जुन्या घरांची कौलं हलतात. मी मुलाला म्हणतो, हे गाणं नव्हे, हा मार आहे. तो म्हणतो, "आबा, तुमचा भोंगा आंब्यावर असायचा, तीन वाड्यांना झोप नसायची. तुम्ही द हूची गिनेसची नोंद कौतुकानं सांगता, मग माझीच भिंत का टोचते?"

मी म्हणालो, त्यांच्या आवाजात म्हणणं होतं. तो म्हणाला, तुम्हाला तेव्हा इंग्रजी कुठं समजत होतं?

बुवा यात मुलाच्या बाजूनं आहेत. गेल्या गणपतीच्या आधी त्यानं विचारलं, "तुमच्याकडं अमर शेखांचं काही आहे का? मंडळाच्या पोरांना पाहिजे." टेपवर आहे थोडं, खरखर आहे, पण साफ करून निघेल. मी अट घातली, पहाडी आवाज आहे, खालचा बास पूर्ण बंद ठेवायचा. तो म्हणतो, बासशिवाय पोरं नाचणार नाहीत. मी म्हणतो, नाचायला कुणी सांगितलंय? टेप अजून माझ्याच कपाटात आहे.